भाजलेली माती, भिजलेली माती

ठाणे जिल्ह्यात भाताचा हंगाम होळीच्या आसपास राब भाजून सुरू होतो. जिथे रोपे तयार करायची त्या दाढीच्या तुकड्यावर आधी वाळलेल्या शेणाचा चुरा पसरतात, त्यावर ऐनासारख्या झाडांच्या छाटलेल्या फांद्या, मग पालापाचोळा आणि गवत, आणि सगळ्यात वर बारीक मातीचा पातळ थर. आग लावायची ती वारा ज्या टोकाकडे वाहतो त्या टोकाला. तशी लावली की ती धावत सुटत नाही, वाऱ्याच्या विरुद्ध संथ सरकत जाते आणि खालची माती नीट भाजून निघते. जूनमध्ये याच काळ्या पडलेल्या मातीत भात पेरतात. तीन-चार आठवड्यांत आवण तयार होते, ते उपटून मुठी बांधतात आणि चिखलणी केलेल्या खाचरात आवणी होते. ठाकुर्लीच्या चोळे गावापासून मुरबाड-शहापूरपर्यंतची भातशेती पिढ्यान्‌पिढ्या अशीच चालली. चोळ्याच्या खाचरांवर आता इमारती आहेत. गाडी बदलापूर सोडून कर्जतकडे निघाली की मात्र रुळांच्या कडेला राबाचे काळे चौकोन एप्रिल-मेमध्ये अजून दिसतात.

राबावरून एकोणिसाव्या शतकात मोठा वाद झाला. फांद्या तोडल्याने जंगल संपते, असे वनखात्याचे म्हणणे होते. राब बंद झाला तर भात संपेल, असे शेतकऱ्यांचे. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. राबामुळे मिळते ती नुसती राख, आणि राखेचे काम दुसऱ्या खताने भागेल, असे अनेक अधिकाऱ्यांना वाटत होते. शेतकरी ते मानायला तयार नव्हते. भाजलेल्या आणि न भाजलेल्या जागेतल्या रोपांमधला फरक त्यांना दर वर्षी डोळ्यांनी दिसत होता. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसह राबाचा शास्त्रीय अभ्यास केला आणि तो १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पिंपळे सौदागर गावाची पाहणी करणारे म्हणून समाजशास्त्राच्या अभ्यासकांना माहीत असलेले मान ते हेच.

भाजण्याने मातीत नेमके काय होते, याचा उलगडा त्याच सुमारास इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड संशोधन केंद्रात होऊ लागला होता. रसेल आणि हचिन्सन यांनी १९०९ मध्ये माती तापवून आणि काही नमुन्यांवर टोल्युइनची वाफ देऊन पाहिली. मातीतल्या जिवाणूंची संख्या आधी एकदम घसरली, मग काही दिवसांत मूळच्यापेक्षा कितीतरी पट वाढली, आणि मातीत अमोनिया साठू लागला. जिवाणूंना खाणारे प्रोटोझोआ उष्णतेने मरतात, म्हणून जिवाणूंचे फावते, असा त्यांचा तर्क होता. खरे कारण त्याहून साधे निघाले. त्याच केंद्रातल्या जेंकिन्सन यांनी १९६०-७०च्या दशकांत दाखवून दिले की मेलेल्या सूक्ष्मजीवांची शरीरे हेच मोठे खत असते. त्यांच्या पेशींत नत्र, स्फुरद, गंधक भरलेले असते. जे जीव आगीतून वाचतात ते या मेलेल्यांवर तुटून पडतात आणि उरलेला नत्र अमोनियाच्या रूपात मातीत सोडतात. अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू उष्णतेला विशेष नाजूक असतात आणि सावकाश परततात, त्यामुळे हा नत्र काही काळ अमोनियम म्हणूनच टिकतो. भाताला नेमका तोच रुचतो. शिवाय राखेतला पालाश आहे, आम्लता थोडी कमी होते, तणाचे बी मरते, सूत्रकृमी मरतात, माती भुसभुशीत होते आणि आवण उपटताना मुळे कमी तुटतात. म्हणजे शेतकऱ्यांचे म्हणणे बरोबर होते, आणि जंगलावर ताण पडतो हे वनखात्याचे म्हणणेही खोटे नव्हते.

या पद्धतीत एक धोका मात्र आहे. चिमूटभर, म्हणजे एक ग्रॅम सुपीक मातीत कोट्यवधी जिवाणू असतात; त्यांच्या जोडीला बुरशीचे धागे, ॲक्टिनोमायसीट, शेवाळ, प्रोटोझोआ. त्यांच्यात अन्नासाठी आणि जागेसाठी सतत चढाओढ चालू असते, आणि रोगकारक बुरशी बहुतेक वेळा या चढाओढीतच अडकून पडते. पूर्ण निर्जंतुक केलेल्या मातीत ही अडचण नाहीशी होते. रोप कुजवणारी पिथियमसारखी बुरशी अशा मातीत शिरली तर साध्या मातीपेक्षा कितीतरी वेगाने पसरते, हा काचघरांत वाफेने माती निर्जंतुक करणाऱ्या बागायतदारांचा जुना अनुभव आहे. राबात असे सहसा होत नाही. माती उष्णतेची वाईट वाहक आहे. चटका बसतो तो वरच्या काही बोटांच्या थराला. त्याखाली जिवंत वस्ती शाबूत असते आणि पहिल्या पावसाबरोबर वर सरकते. बॅसिलस गटातले जिवाणू बीजाणूंच्या रूपात आगीतही तगतात. ट्रायकोडर्मा ही रोगकारक बुरशींना मारणारी बुरशी तर धुरी दिलेल्या किंवा तापवलेल्या मातीत सर्वांच्या आधी पसरणाऱ्यांपैकी आहे. फांद्या मिळेनाशा झाल्यावर पुढे आलेला उपायही याच तत्त्वावर चालतो. एप्रिल-मेमध्ये दाढीची जागा भिजवून तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक काही आठवडे घट्ट अंथरले की उन्हाने वरची माती पन्नास अंशांच्या आसपास तापते. इस्रायलमध्ये १९७६ मध्ये कटान यांनी या पद्धतीचे प्रयोग प्रसिद्ध केले. कोकणातल्या कडक उन्हाळ्याला ती चांगली मानवते.

बी रुजले की मातीतल्या जिवांचे लक्ष मुळांकडे वळते. वनस्पती पानांत तयार केलेल्या अन्नाचा लक्षणीय भाग, सर्वसाधारणपणे दहा ते वीस टक्के, मुळांतून मातीत सोडते. त्यात साखरा असतात, सेंद्रिय आम्ले असतात, अमिनो आम्ले असतात. वरवर ही उधळपट्टी वाटते. पण मुळाभोवतीच्या एक-दोन मिलिमीटर मातीत त्यामुळे जिवाणूंची संख्या आजूबाजूच्या मातीच्या अनेक पट होते, आणि कोणती जात जमेल हे कोणता पदार्थ पाझरतो यावर बरेचसे ठरते. कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये भाताची निर्जंतुक वाढवलेली रोपे शेतातल्या मातीत लावून पाहिली. मुळांवर, आणि मुळांच्या आतही, सूक्ष्मजीवांची वस्ती एका दिवसात सुरू झाली आणि साधारण दोन आठवड्यांत स्थिरावली. आवणीनंतर रोपे आधी पिवळट दिसतात आणि मग हिरवी होऊन उभी राहतात, तो काळही जवळपास तेवढाच. अर्थात रोप सावरण्यात तुटलेली मुळे नव्याने फुटण्याचा वाटा मोठा असतो. सगळे श्रेय जिवाणूंना देणे बरोबर नाही.

खाचरात पाणी उभे राहिले की मातीचा कारभार पार बदलतो. पाण्यातून प्राणवायू फार सावकाश झिरपतो, आणि जेवढा झिरपतो तो वरच्या काही मिलिमीटरांतले जिवाणू संपवून टाकतात. त्यामुळे चिखलाचा वरचा पापुद्रा तपकिरी असतो आणि बोट खुपसले की खालचा चिखल राखाडी-काळा निघतो. तिथले जीव प्राणवायूवाचून जगणारे. ते श्वसनासाठी आधी नायट्रेट वापरतात, मग मँगनीज आणि लोह, त्यानंतर सल्फेट, आणि शेवटी मिथेन तयार करणाऱ्यांची पाळी येते. भातशेतीवर मिथेनचा ठपका येतो तो यांच्यामुळे. या कोंदट चिखलात भात जगतो, कारण त्याच्या खोडात आणि मुळांत हवेच्या पोकळ नळ्या असतात. पानांकडून आलेला प्राणवायू मुळांतून बाहेर झिरपतो आणि प्रत्येक मुळाभोवती तपकिरी चिखलाचे बारीक वेष्टण तयार होते. ऑगस्टमध्ये भाताचा एखादा चूड उपटून पाण्यात खळबळून पाहिला तर हे स्पष्ट दिसते. कोवळ्या मुळांची टोके पांढरी असतात आणि मागचा भाग गंजलेल्या तारेसारखा तांबूस. तो गंजच आहे. मुळातून निघालेल्या प्राणवायूने विरघळलेले लोह तिथल्या तिथे बसवलेले असते, आणि चिखलातल्या विषारी पदार्थांना ते बऱ्याच अंशी बाहेर ठेवते. मुळे काळी निघाली आणि सडक्या अंड्याचा वास आला तर सल्फेट वापरणाऱ्या जिवाणूंचा जोर झाला, असे समजावे. उल्हास खाडीच्या काठच्या खारजमिनीत हे अधिक दिसते. समुद्राच्या पाण्याबरोबर सल्फेट येते, बांध फुटला की ते शेतात साठते, आणि हायड्रोजन सल्फाइडने मुळे गुदमरतात. अशा जमिनींसाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने मीठ सोसणारे भाताचे वाण काढले आहेत. पण वाण कोणताही असला तरी गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढण्याला पर्याय नाही.

भिजलेल्या खाचराला नत्र फुकट मिळतो, हे बंगालमधल्या भातशेतीच्या मातीवर काम करणाऱ्या पी. के. डे यांनी १९३९ मध्ये सिद्ध केले. पाण्यावर वाढणारे निळे-हिरवे शेवाळ, म्हणजे खरे तर प्रकाशावर जगणारे जिवाणू, हवेतला नत्र बांधतात. अनुकूल परिस्थितीत हा नत्र हंगामाला हेक्टरी वीस-तीस किलोपर्यंत जातो. ॲझोला या तरंगत्या नेचाच्या पानांतही असेच जिवाणू राहतात. खत न घालता शेकडो वर्षे भात पिकवूनही खाचरे अगदीच निःसत्त्व का झाली नाहीत, याचे बरेचसे उत्तर इथे आहे.

दुसरीकडे, विकत आणलेला नत्र खाचरातलेच दुसरे जीव उडवून लावतात. पाण्यावर फेकलेल्या युरियाचा आधी अमोनिया होतो. त्यातला काही सरळ हवेत जातो. उरलेल्याचे वरच्या तपकिरी पापुद्र्यात नायट्रेट होते, ते खाली काळ्या चिखलात उतरते आणि तिथले जिवाणू श्वसनासाठी ते वापरून त्याचा नत्रवायू करून सोडतात. घातलेल्या युरियातला साधारण तीस-चाळीस टक्केच नत्र भाताला मिळतो. डॉ. एन. के. सावंत यांच्या भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीतली युरिया-डीएपी ब्रिकेट ही या जिवाणूंना दिलेली हुलकावणी आहे. पावणेतीन ग्रॅमच्या आसपास वजनाची गोळी चार चुडांच्या मधोमध सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचतात. तिथे प्राणवायू नाही, म्हणून अमोनियाचे नायट्रेट होत नाही; नायट्रेट नाही, म्हणून ते उडतही नाही. मुळे तिथवर पोचतात आणि सावकाश उचलतात. कंबर मोडणारे काम असल्याने मजुरी वाढते, हीच या पद्धतीची खरी अडचण.

नत्र आणि रोग यांचेही नाते आहे. नत्र जास्त झाला की पाने गर्द हिरवी आणि लुसलुशीत होतात आणि करपा लवकर पकडतो. करप्याच्या बुरशीला पानाची त्वचा फोडून आत घुसावे लागते. चारसूत्रीतले पहिले सूत्र तिथे उपयोगी पडते: दाढीत भाताच्या तुसाची काळी राख मिसळणे. राखेतले सिलिकॉन पानांच्या त्वचेखाली बसते आणि पान ताठ, चिवट होते. यात सूक्ष्मजीवांचा हात नाही, पण रोपाच्या प्रतिकारशक्तीचा विचार करताना ते सोडून चालत नाही.

सूक्ष्मजीव रोगाला दोन मार्गांनी अडवतात. एक सरळ लढाईचा. ट्रायकोडर्माचे धागे पर्णकोष करप्याच्या रायझोक्टोनिया बुरशीला वेढा घालून तिला पोखरतात, हे वाइंडलिंग यांनी १९३२ मध्ये पाहिले. स्युडोमोनास फ्लुरोसन्स हे जिवाणू लोह पकडणारे पिवळट-हिरवे रेणू सोडून रोगकारकाला लोहासाठी तरसवतात आणि प्रतिजैविकेही बनवतात. मातीतल्या ॲक्टिनोमायसीटांची प्रतिजैविके तर माणसानेही उचलली. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात अशाच एका जातीपासून ऑरिओफंजिन हे बुरशीनाशक मिळवले. ते भाताच्या करप्यासह अनेक पीकरोगांवर वापरले गेले. महाराष्ट्राच्या विज्ञानाच्या इतिहासात या शोधाला मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही.

दुसरा मार्ग अधिक चमत्कारिक आहे. १९९१ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी कार्नेशन, काकडी आणि घेवडा या पिकांवर एकच गोष्ट दाखवली: मुळांवर राहणारे विशिष्ट जिवाणू रोगकारकाला स्पर्शही न करता पानांची प्रतिकारशक्ती वाढवतात. जिवाणू मुळाशी आणि रोग वरच्या पानावर, तरी रोगाचे प्रमाण घटते. मुळांना जिवाणूंची चाहूल लागते आणि जॅस्मोनिक आम्ल व इथिलीन यांच्यामार्फत तो निरोप सगळ्या झाडात पोचतो. झाड त्या क्षणी विशेष काही करत नाही, कारण सतत लढाईच्या तयारीत राहणे वाढीला महाग पडते. पण रोग आलाच तर त्याचा प्रतिसाद लवकर आणि जोरात येतो. हे संरक्षण अर्धवट असते, हे विसरू नये. कडा करप्याचे जिवाणू जखमांतून आत शिरतात. आवणीच्या वेळी रोपांचे शेंडे छाटले तर मुळाशी कितीही चांगले जीव असले तरी त्या जखमा उघड्याच राहतात.

भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर ठाणे-रायगडात वाल टाकतात. उसळीचा आणि पोपटीचा वाल तो हाच. सहा-सात आठवड्यांचे रोप हलकेच खणून काढले तर मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतात. गाठ नखाने फोडून पाहावी. आतून गुलाबी-लाल निघाली तर ती कामाला लागलेली आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर कोवळी, निकामी किंवा म्हातारी. हा लाल रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच भाऊबंदाचा. नत्र बांधणाऱ्या विकराला प्राणवायू चालत नाही आणि जिवाणूंना श्वसनासाठी तो हवा असतो, म्हणून हा लाल पदार्थ प्राणवायू मोजूनमापून पोचवतो. गाठींतल्या जिवाणूंमुळे कडधान्ये हवेतला नत्र वापरतात, हे जर्मनीत हेलरिगेल आणि विल्फार्ट यांनी १८८०च्या दशकात सिद्ध केले. भारतात या विषयावरचे पहिले काम एन. व्ही. जोशी यांचे, १९२० मधले. वालामुळे पुढच्या भाताला भरपूर नत्र उरतो, ही समजूत मात्र थोडी सैल आहे. बांधलेल्या नत्राचा मोठा भाग दाण्यांत जातो आणि दाणे घरी जातात. रोप मुळासकट उपटले तर मागे जवळजवळ काहीच राहत नाही. कापून घेतले तर निदान मुळे आणि गाठी मातीत राहतात.

मुळे मातीत ठेवण्याचा हा विचार नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी थेट भातालाच लावला. त्यांच्या सगुणा भात तंत्रात नांगरणी नाही, चिखलणी नाही, आवणीही नाही. कायमच्या गादीवाफ्यांवर साच्याने खळगे पाडून बी टोकतात. कापणीनंतर बुडखे तसेच राहतात आणि मुळे जागच्या जागी कुजतात. त्यांच्या पोकळ वाटांतून हवा आणि पाणी खाली जाते, गांडुळे येतात, चिखलणीने मोडणारी मातीची रचना टिकते. दाढच नसल्याने राबाचा प्रश्नच उरत नाही. हे सारे मातीतल्या जिवांच्या फायद्याचे. त्याची किंमत तणनाशकात मोजावी लागते, कारण तण दाबून ठेवणारे उभे पाणी इथे नसते. पेरणीपूर्वी वापरले जाणारे ग्लायफोसेट वनस्पतींतल्या ज्या विकराला अडवते तो विकर अनेक जिवाणूंत आणि बुरशींतही असतो, त्यामुळे या मुद्द्यावरची टीका नुसती भाबडी म्हणून झटकता येत नाही.

रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर, स्फुरद विरघळवणारे जिवाणू, ट्रायकोडर्मा यांची पाकिटे आज कृषी सेवा केंद्रांत मिळतात. बियाणे चोळण्यासाठी साधारण दहा किलोला पाव किलो पुरते. पाकिटात जिवंत माल आहे याचा विसर पडला की पैसे वाया जातात. दुकानाच्या तापलेल्या पत्र्याखाली पडून राहिलेले, मुदत संपलेले किंवा रासायनिक बुरशीनाशकाबरोबर कालवलेले जिवाणू मेलेलेच असतात. जिवंत असले तरी मातीत आधीपासून ठाण मांडून बसलेल्यांपुढे नवख्यांचा निभाव लागणे कठीण. सेंद्रिय द्रव्य भरपूर असेल तर काही तगतात. नुसत्या युरियावर चाललेल्या जमिनीत फारसे नाहीत. म्हणून या पाकिटांचे निकाल एका शेतात डोळ्यांत भरतात आणि शेजारच्या शेतात दिसतही नाहीत.

ठाकुर्ली-डोंबिवलीच्या गॅलऱ्यांतल्या कुंड्यांनाही हेच नियम लागू पडतात, फक्त माती थोडी असल्याने चूक लवकर दिसते. बांधकामाच्या जागेवरून आणलेल्या खोल थरातल्या मुरमाड मातीत जीव जेमतेमच असतात आणि कोकोपीटमध्ये रोपाला पोसण्यासारखे फारसे काही नसते. त्यात जीव आणि अन्न दोन्ही घालते ते कंपोस्ट, पण ते पुरते मुरलेले हवे. अर्धवट कुजलेल्या खतात साखरा शिल्लक असतात आणि त्यांवर पिथियम, रायझोक्टोनिया याच बुरशी आधी वाढतात. मुरलेल्या खतात तीच जागा ट्रायकोडर्मा आणि बॅसिलस यांनी घेतलेली असते. खत मुरले आहे की नाही, हे ओळखायला उपकरण लागत नाही. ढिगात हात घातला तर ऊब लागू नये, अमोनियाचा झणका येऊ नये आणि टाकलेली सालटी ओळखू येऊ नयेत. पावसाळ्यात कुंडीच्या तळाचे भोक बुजले तर असे खत घालूनही तुळस पिवळी पडते, कारण भाताच्या मुळांसारख्या हवेच्या नळ्या तिला नाहीत.